खोल पाण्यातले ठोके

औषधाच्या दुकानात तिने एकामागून एक अशा नाना तऱ्हेच्या चिकटपट्ट्या काउंटरवर मांडायला सुरुवात केली, तेव्हा शेजारी उभ्या असलेल्या माणसाने जरा काळजीनेच विचारलं, "एवढं लागलंय तरी कुठे?"

तिने वर पाहिलं. उंच, सावळा, केस ओलेचिंब... बाहेर पाऊस नव्हता की काही नव्हतं, तरी याच्या मानेवरून पाण्याचा एक थेंब सावकाश कॉलरमध्ये उतरत होता. थेंब कसा ओघळतो, कुठे थांबतो, कुठे पसरतो हे बघण्याचाच तिला पगार मिळत असे. त्यामुळे त्या थेंबाकडे ती जरुरीपेक्षा थोडी जास्तच वेळ बघत राहिली.

"मला नाही लागलं," ती भानावर येत म्हणाली. "कुणालाच नाही लागलं."

"काय?"

"कुणालाच नाही लागलं, म्हटलं."

"जरा या बाजूने बोलता का? त्या कानात पाणी गेलंय." आणि त्याने कानात घालायच्या थेंबांची बाटली पुरावा दाखवावा तशी दाखवली.

मग तिला वळसा घालून त्याच्या दुसऱ्या बाजूला जावं लागलं, आणि अनोळखी माणसाच्या कानाशी तोंड नेऊन आपल्या नोकरीची माहिती द्यावी लागली. ती एका प्रयोगशाळेत काम करत होती. छातीवर चिकटवायची एक पट्टी बनवायची होती. आतमध्ये हृदयाचे ठोके मोजणारा नखाएवढा यंत्राचा तुकडा, आणि वर कातडीसारखं मऊ, ताणलं तरी न फाटणारं, पाण्याने न भिजणारं आवरण. बाजारातल्या पट्ट्या कशा चिकटतात आणि कशा दगा देतात, ते आधी बघायचं होतं.

"पाण्यात टिकणारी पट्टी?" तो हसला. हसताना त्याचे डोळे पार मिटायचे. "अहो, मी पोहायला शिकवतो. रोज सकाळी जाळी घेऊन तलावातल्या पट्ट्या गोळा करतो मी. पोरांच्या गुडघ्यांवरून सुटलेल्या. एकसुद्धा टिकत नाही."

"मग मला तुमचा तलाव हवा," ती म्हणून गेली. आणि म्हटल्यावर कानशिलं तापली.

"अख्खा?" त्याने विचारलं.

तर असं झालं. पुढच्याच आठवड्यात मोठ्या बाईंनी, म्हणजे तिच्या प्रयोगशाळेच्या प्रमुखांनी, तलावाच्या व्यवस्थापकांची परवानगी मिळवली, आणि ती खांद्याला पिशवी लावून त्या काचेच्या छताच्या इमारतीत जायला लागली.

तिथलं सगळंच वेगळं होतं. आत पाऊल टाकलं की उबदार, ओलसर हवा अंगावर यायची, क्लोरीनचा वास नाकात शिरायचा, आणि पाण्यावरचा उजेड भिंतींवर, छतावर, तिच्या हातांवर डुलत राहायचा. मुलांचे आवाज घुमून घुमून मऊ व्हायचे. तिला वाटायचं, आपण जागेपणी कुणाच्या तरी स्वप्नात येऊन बसलोय. मुलं त्याला मास्तर म्हणायची. तिचं नाव विचारायची तसदी त्यांनी घेतलीच नाही. दुसऱ्या दिवसापासून ती पट्टीताई झाली.

पहिली पट्टी तिने स्वतःच त्याच्या छातीवर लावून दाखवली. मुलं गेली होती. तो पायरीवर बसला होता, आणि ती डॉक्टरीणबाईंचा आवाज काढून बोलत होती.

"मधून कडेकडे दाबत जायचं. खाली हवा राहता कामा नये. अशी... अशी... आणि कोपरे शेवटी."

"हात फार गार आहेत तुमचे."

"प्रयोगशाळेत एसी असतो."

"मग अधूनमधून बाहेर येत जा," तो डोळे मिटूनच म्हणाला.

तिचा अंगठा चौथ्या कोपऱ्यावर होता. तो तिथे थोडा रेंगाळला, हे तिने कबूल केलं नसतं. आम्ही सांगतो, रेंगाळला.

ती पट्टी अर्ध्या तलावातच सुटली. एक चिमुरडी दुसऱ्या दिवशी ती चिमटीत धरून घेऊन आली आणि म्हणाली, "पट्टीताई, तुमची पट्टी पळाली होती." पुढची चांगली टिकली, पाण्याचा थेंब तिच्यावर ठरेना, अळूच्या पानावरून घसरावा तसा घसरायचा, पण आतून घाम साठला आणि तिने अंग सोडलं. पट्टीताई हिरमुसून बसली. त्याने तिच्या शेजारी कोरडा टॉवेल अंथरला आणि स्वतः मात्र ओल्या फरशीवर बसला.

"झालं काय नक्की?"

"बाहेरचं पाणी आत यायला नको, आणि आतला घाम तर बाहेर जायला हवा. दोन्ही एकाच पापुद्र्याने करायचं."

"म्हणजे बाहेरच्या कुणाला आत घ्यायचं नाही, पण स्वतःच्या मनातलं सगळं बाहेर टाकायचं."

"अशी माझी एक मावशी आहे," ती म्हणाली, आणि दोघं इतकी हसली की छताखालून हसू परत आलं.

घरी ती आणि बाबा, दोघंच. बाबांनी आयुष्यभर बस चालवली होती आणि आता निवृत्त होऊन स्वयंपाकघर चालवत होते. लेकीचं काम त्यांना एवढंच कळलं होतं की ती पाणी ओतते आणि ते वाहून जाताना बघते. "पालथ्या घड्यावर पाणी ओतायचा पगार घेणारी जगात तू एकटीच," ते म्हणायचे. पण हल्ली लेक सकाळी आरशासमोर जास्त वेळ उभी राहते आणि क्लोरीनचा वास घेऊन हसत घरी येते, हेही त्यांच्या नजरेतून सुटलं नव्हतं. इतकी वर्षं मागचं सगळं आरशात बघायची सवय होती त्यांना.

'तुम्ही'चं 'तू' कधी झालं, तेही सांगायला हवं. एकदा ओल्या फरशीवरून तिचा पाय सटकला, आणि त्याने दंड धरून तिला सावरलं. "अगं, सांभाळ—" मग हात सोडला आणि जीभ चावली. "माफ करा. 'अगं' निघून गेलं तोंडातून."

"निघालंच आहे, तर राहू दे बाहेर," ती म्हणाली. "आत कशाला ढकलतोस?"

आता काम रंगात आलं. तिने पापुद्र्याला डोळ्यांना न दिसणारी छिद्रं पाडली, आतली चांदीची तार सरळ न नेता नागमोडी नेली, म्हणजे श्वासाबरोबर छाती फुगली तरी ती ताणून तुटू नये. पट्टी टिकायला लागली. पाण्याखालून ती काही कळवू शकत नसे. सगळे ठोके आपल्यापाशी साठवून ठेवायची, आणि बाहेर आल्यावर यंत्र जवळ धरलं की मुकाट्याने सांगून टाकायची. पोहणं ठरलेलं असे: मुलं गेली की त्याने उथळ बाजूने निघायचं, खोल बाजूपर्यंत जायचं आणि परत यायचं. काही दिवस ती तिथे असायची. काही दिवस तिला प्रयोगशाळा सुटायची नाही. मग तो आपल्या हाताने पट्टी लावायचा आणि पोहून झालं की डबीत घालून पाठवायचा.

आणि इथेच आमच्या हुशार मुलीने घोळ घातला.

कुठलीही गोष्ट मोजायची तर आधी तिची मूळ पातळी ठरवावी लागते. वाढलं की घटलं हे तिच्यावरूनच कळतं. तिने मूळ पातळी धरली ती आपण नसतानाच्या दिवसांची. कारण तिच्या मते अगदी सरळ होतं. मोजणारं माणूस समोर बसलं की ज्याला मोजायचं ते अवघडतं. एकटा असताना माणूस खरा असतो. पुस्तकात असंच लिहिलेलं असतं. पुस्तकाने त्या माणसाला पाहिलेलं नसतं, एवढंच.

तिची प्रयोगशाळेतली मैत्रीण होती, चष्मिस. तिने एकदा सहज म्हटलं, "अगं, तू तिथे बसलेली असताना त्याचे ठोके बघ ना काय म्हणतात. प्रेमात म्हणे घोड्यासारखे धावतात."

"काहीतरीच," ती म्हणाली. आणि चष्मिस जेवायला गेल्या गेल्या तिने सगळे आकडे पडद्यावर काढले.

तिने ते आधी एकदा पाहिले, मग पुन्हा पाहिले. पट्टीत दोष आहे का, तेही तपासलं. दोष नव्हता. ती समोर असली की त्याचे ठोके कमी व्हायचे. थोडेथोडके नाही, चांगले ठळक. ती नसायची तेव्हा घोडा दौडत होता. ती येऊन पायरीवर बसली की तोच घोडा मान खाली घालून चरायला लागायचा.

तिला रडू आलं नाही. तिने पडदा बंद केला. लाडाने बोलणं, टॉवेल अंथरणं, डोळे मिटून हसणं... तो सगळ्यांशीच तसा असेल. जिभेला काय, काहीही बोलता येतं. छाती खोटं बोलत नाही. आणि छातीचं म्हणणं होतं की ही आली की मला कंटाळा येतो. ती मात्र त्याच्यात गळ्यापर्यंत बुडाली होती, आणि तिला तर पोहताही येत नव्हतं.

मोठ्या बाई बरेच दिवस विचारत होत्या. पट्ट्या जिथे मोठ्या प्रमाणावर बनणार होत्या, त्या दूरच्या शहरातल्या कारखान्यावर दोन वर्षं कुणीतरी हवं होतं, यंत्रांवर देखरेख करायला. चष्मिस एका पायावर तयार होती, पण बाईंना ही हवी होती. हिला यंत्रांची देखरेख नको होती. हाताने पापुद्रे ओतायचे, फाडायचे, पुन्हा ओतायचे, यात तिचा जीव रमायचा. इतके दिवस ती टाळत आली होती. त्या दिवशी ती बाईंच्या खोलीत गेली आणि म्हणाली, "मी जाते."

त्याला तिने हे सांगितलं ते पट्टी चिकटवताना, कोपऱ्यांकडे बघत.

"दोन वर्षं?" त्याने विचारलं.

"हो."

"चांगलंय," तो म्हणाला. बऱ्याच वेळाने पुन्हा म्हणाला, "चांगलं झालं की."

त्यानंतर गप्पा आटल्याच. तो शिट्टी जास्त जोरात वाजवायला लागला, आणि ती पिशवीत तोंड घालून नसलेल्या वस्तू शोधायला लागली.

जाण्याआधी एक चाचणी उरली होती. खोल बाजूला थेट तळापर्यंत जायचं, फरशीला हात लावायचा आणि वर यायचं. तिथल्या पाण्याच्या दाबाखाली पट्टी टिकते का ते बघायचं होतं. दुपारची वेळ होती, तलाव रिकामा. काचेच्या छतावर पावसाची रिपरिप चालू होती आणि पाण्याचा रंग राखाडी झाला होता. ती नेहमीच्या पायरीवर बसली. तो कट्ट्यावर उभा राहिला, हात बाजूला सोडून.

"उतर ना," ती म्हणाली.

"उतरतो."

पण उतरला नाही. छतावरच्या पावसाचा आवाज वाढला, कमी झाला. तो तसाच उभा.

"बरं वाटत नाही का तुला?"

"एक सांगू?" तो पाण्याकडे बघत म्हणाला. "बाहेर बोलू नकोस. नाहीतर उद्यापासून एक पोर यायचं नाही माझ्याकडे... मला खोल पाण्याची भीती वाटते."

ती हसायलाच लागली होती. मग तिने त्याच्या पायांची बोटं पाहिली. ती कट्ट्याच्या कडेला घट्ट रुतली होती. ती उठून त्याच्याजवळ गेली.

"मागच्या वर्षी इथेच, तळाशी, पोटरीत गोळा आला," तो सांगू लागला. "वर येता येईना. नाकातोंडात पाणी गेलं. साफसफाईवाल्या काकांनी बांबू खाली घातला म्हणून वाचलो. तेव्हापासून रोज उतरतो; उतरायलाच लागतं, पोटाचा प्रश्न आहे आणि पोरांचाही. पण खोल बाजू आली की छातीत असं धडधडतं, वाटतं आता काठावर ऐकू जाईल."

"पण मी बघायचे तेव्हा तर तू मजेत..."

"तू असायचीस ना."

तिने वळून त्या रिकाम्या पायरीकडे पाहिलं.

"तू त्या पायरीवर येऊन बसलीस की होतच नव्हतं ते," तो म्हणाला. "का ते मलाही माहीत नाही. सगळं शांत व्हायचं. मधे तर वाटलं, ही बया पट्टीत औषधबिवध घालते की काय. आता तू निघालीस. म्हटलं, आज शेवटचं तुझ्यासमोर उतरावं... तर पायच निघेना."

तिच्या डोक्यात पडद्यावरचे सगळे आकडे आपोआप उलटे फिरले. जे मूळ वाटत होतं तेच वाढलेलं होतं. जे घटलेलं वाटत होतं ते घटलेलं नव्हतंच. तो एकटा असताना खरा नव्हता, घाबरलेला होता. तिने त्याची भीती मूळ धरली होती, आणि त्याचं सुख मोजताना ते तिला कमी भरलं होतं.

"अरे देवा," ती मटकन खाली बसली. "आणि मी समजत होते, मी आले की तुला झोप येते."

"काय?"

"ठोके, तुझे ठोके. मी आले की कमी व्हायचे. मला वाटलं, कंटाळतोस. म्हणून तर जायला हो म्हणाले मी." ती एकदम हसत होती आणि डोळे पुसत होती. दोन्ही एकाच वेळी करायची तिला सवय नव्हती, त्यामुळे दोन्ही धड होत नव्हतं.

तो तिच्यासमोर उकिडवा बसला. त्याचा चेहरा उजळला होता, आणि नेमक्या त्याच क्षणी तिचा उतरला.

"म्हणजे मी गेले की तू पुन्हा घाबरणार," ती सावकाश म्हणाली. "म्हणून थांबू मी? काठावर बसायला कुणीतरी हवं म्हणून?"

तो उत्तर द्यायला गेला आणि थांबला. त्याने त्या प्रश्नाचा खरोखर विचार केला, हे तिला फार आवडलं आणि फार भीतीही वाटली.

"नाही," तो म्हणाला. "तसं नको. तू बाहेर जा."

"काय?"

"दाराबाहेर जा. मी हाक मारीपर्यंत आत बघायचं नाही."

"वेडा आहेस का? आत्ता पाय निघत नव्हता तुझा. मी इथेच—"

"तू इथे असलीस तर कळणार कसं? तुझ्या भाषेत सांगतो. मोजमाप बिघडेल." त्याने काठावरचा लांब बांबू पाण्याच्या कडेला, हाताशी येईल असा ठेवला, आणि मान हलवून दाराकडे खूण केली. "जा ना गं."

ती गेली. चपला ठेवायच्या फळीपाशी उभी राहिली, बंद दाराकडे बघत. हातातलं यंत्र काही दाखवत नव्हतं. पाण्याखालून निरोप येत नाही, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? पाणी उडाल्याचा आवाज आला. मग काहीच नाही. फक्त छतावरचा पाऊस. तिच्या मनात पोटरीतला गोळा आला, तळाची फरशी आली, बांबू आला. आपलं मन त्याच्यावर किती जडलंय हे मोजायला तिला आता कुठलीही पट्टी नको होती. तिने दाराच्या मुठीवर हात ठेवला, काढला, पुन्हा ठेवला, आणि ती मूठ फिरवणार तोच दार आतून उघडलं.

तो उभा होता. नखशिखान्त गळत, ओठ निळसर, धापा टाकत.

"लावला हात," तो म्हणाला. "तळाला. भीतीने जीव जायची पाळी आली होती. पण उतरलो, आणि आलो वर."

"गाढवा," ती म्हणाली. तिचा आवाज फुटला.

"आता ऐक. तू नसलीस तरी मी पोहेन. ते आज ठरलं. काठावर बसायला मला कुणी नको." त्याने श्वास घेतला. "मला तू हवीस. बाजारात, बसच्या रांगेत, भांडायला, काही काम नसताना... मला आवडतेस तू. फार आवडतेस. जायचं असेल तर जा, मी पत्ता शोधत येईन. पण राहिलीस तर... राहशील?"

बाहेर पाऊस कोसळत होता. त्याच्या केसांतून थेंब ओघळत होते, आणि आज तिचं एकाही थेंबाकडे लक्ष नव्हतं.

"मलाही तू आवडतोस," ती म्हणाली. "केव्हापासून. आणि मी ते तुला सांगायचं सोडून तुझ्या आकड्यांत शोधत बसले."

त्याने छाती पुढे केली. "मग वाच ना. लाव यंत्र. बघ काय म्हणतात आता."

"नको," ती म्हणाली आणि यंत्र पिशवीत टाकलं. "तोंडाने सांगितलंस ते पुरे."

तिथूनच, चपलांच्या फळीपाशी उभं राहून, तिने मोठ्या बाईंना फोन केला.

"बाई, मी कारखान्यावर जात नाही. चष्मिसला पाठवा, तिला मनापासून जायचंय."

"का गं? परवा तर बॅग भरायला निघाली होतीस."

"मूळ पातळी चुकीची धरली होती, बाई."

"पट्टीची?" बाई घाबरल्या.

"नाही. पट्टी एकदम बरोबर होती."

बाईही कधीकाळी तरुण होत्या. "उद्या वेळेवर ये," एवढंच म्हणून त्यांनी फोन ठेवला.

तो टॉवेलने डोकं पुसत तिच्याकडे बघत होता. ती त्याच्याकडे बघत होती. पाऊस ओसरायची दोघांनाही घाई नव्हती, पण त्याला हुडहुडी भरली होती.

"चहा हवाय तुला," ती म्हणाली. "आमच्या घरी चल. बाबा चांगला करतात."

"आत्ता? बाबा असतील घरी?"

"असणारच. दारातच उभे असतील."

"आणि मी कोण, म्हणून सांगशील?"

"जो आहेस तो."

त्याने टॉवेल खाली ठेवला. शर्टाची बटणं लावायला घेतली, चुकीच्या काजात घातली, पुन्हा काढली. मग छातीवर तळहात ठेवून तो हळूच म्हणाला, "ए, तू समोर आहेस तरी धडधडायला लागलंय गं."

"धडधडू दे," ती म्हणाली, आणि त्याची बटणं नीट लावून त्याला हाताला धरून बाहेर घेऊन गेली.